मिस्त्रींचा ओळंबा उतारावर

थांबा मित्रांनो, जरा थांबा! आधी मला स्थिर होऊ द्या. आनंद झाला की मी डोलायला लागतो, आणि मी डोलत असलो की माझ्याकडून एकही शहाणपणाची गोष्ट होत नाही.

हं, आता ठीक आहे. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. भिंत बांधताना गवंडी दोरीला बांधून जे टोकदार वजन सोडतो ना, तोच मी. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे मी तोंड न उघडता सांगतो. माझ्या अंगावर पोचे आहेत, एका बाजूला निळ्या रंगाचा डाग कायमचा चिकटला आहे, पण टोक अजून शाबूत आहे. आणि मित्रांनो, आयुष्यभर भिंतींजवळ लटकलेला मी म्हातारपणी एका शेतात गेलो आणि तिथे जी काही धमाल उडाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका लहानशा ओतशाळेत झाला. फुटके नळ, मोडक्या कड्या, गंजलेल्या खिळ्यांतून सुटलेल्या बिजागऱ्या असले भंगार एकत्र वितळवून मला ओतले. म्हणजे पाहा, माझ्या अंगात कित्येक घरांची दारे मिसळलेली आहेत. लेथवर फिरवून माझे टोक काढले तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की कारागीर वैतागून म्हणाला, "हा ओळंबा आहे की भोवरा?" मग त्याने मला घासून पुसून दुकानाच्या काचेमागे ठेवले आणि तिथून एका तरुण गवंड्याने मला उचलले.

हाच गवंडी पुढे मिस्त्री झाला. मिस्त्रींच्या हाताखाली मी शाळेच्या भिंती पाहिल्या, दवाखान्याच्या पाहिल्या, लोकांची घरे तर विचारूच नका. मिस्त्री मला वरून खाली सोडत आणि मी थांबेपर्यंत श्वाससुद्धा घेत नसत. "ओळंब्यात आहे!" असे ते म्हणाले की मजूर निर्धास्त होत. वाकडे म्हणून काही त्यांना खपत नसे. आजारी पडून डॉक्टरांकडे गेले तरी आधी भिंतीवरचे तिरके कॅलेंडर सरळ करत आणि मग ताप किती आहे ते सांगत. लोक त्यांच्या कामाची वाहवा करत आणि मिस्त्री माझी. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

मग मिस्त्रींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शिडी चढणे बंद झाले. थापी, काटकोन जुळवायचा गुण्या, पातळी बघायची पाणसळ आणि मी, आम्हा सगळ्यांना एका पत्र्याच्या पेटीत घालून ती पेटी स्वयंपाकघराशेजारच्या खाटेखाली सरकवली गेली. पाणसळीतले पाणी आटून गेले आणि तिचा बुडबुडा कुठे गेला तो कळलेच नाही. माझ्या दोरीला वाळवी लागली. मित्रांनो, काम करणाऱ्याला बसवून ठेवणे यासारखी शिक्षा नाही. मी आतल्या आत फार कष्टी झालो होतो.

पण पेटीच्या झाकणाला एक फट होती. त्या फटीतून घरातले सगळे बोलणे ऐकू यायचे.

मिस्त्रींनी आयुष्याच्या कमाईतून गावाबाहेर उताराची जमीन घेतली होती. ती त्यांची मुलगी कसत असे. घरात, गल्लीत सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताईचा त्या जमिनीवर भारी जीव होता. घरातली तिसरी व्यक्ती म्हणजे आत्या, मिस्त्रींची थोरली बहीण; ते तिला अक्का म्हणत. मिस्त्रींना अजूनही "अरे कार्ट्या" म्हणू शकणारी जगात ही एकटीच.

ताईच्या बोलण्यात रोज एकच काळजी असायची, ती मातीची. दर पावसात उतारावरून पाणी धावत सुटायचे आणि जाताना वरची काळी माती घेऊन जायचे. वरच्या अंगाला दगड उघडे पडू लागले होते. ओढ्याला चहाच्या रंगाचे पाणी यायचे.

"आपलं शेत वर आहे म्हणे," आत्या म्हणायची. "अर्धं तर खाली रस्त्यावर पडलंय. लोक चपलांना लावून घरी नेतायत."

ताई हसायची, पण तिचे हसणे अर्ध्यावरच विरून जायचे. आणखी एक पावसाळा असाच गेला असता तर वरच्या पट्ट्यात नुसता खडक उरला असता आणि ताईला शेती सोडून शहरात नोकरी शोधावी लागली असती. हे तिने एकदा मिस्त्रींना सांगितलेही होते.

उपाय ताईला ठाऊक होता. उताराला आडवे, एकाच पातळीवरचे लांब चर खोदायचे. त्यांना समतल चर म्हणतात. पाणी त्या चरात अडते, तिथेच मुरते आणि माती जागच्या जागी राहते. पण चर खोदायला मजूर लागतात आणि पातळी काढायला जाणकार लागतो. ताईने कुठे कुठे खेटे घातले म्हणून सांगू! बँकेत गेली, तर ते म्हणाले पंपाला कर्ज देतो, चराला नाही. खताच्या दुकानात गेली, तर त्यांनी तिला आणखी एक पोते विकायचा प्रयत्न केला. शेवटी ती मृदसंधारणाच्या कार्यालयात जाऊन धडकली आणि संध्याकाळी घरात शिरली ती नाचतच.

"आत्या! बाबा! योजना आहे!" पेटी हादरावी इतक्या मोठ्याने ती ओरडली. "चर खोदायचा बहुतेक खर्च ते देतात. सल्ला फुकट. तिथले कारकून मला काय म्हणाले माहितीये? 'बाई, इतके दिवस कुठे होतात? अनुदान पडून आहे, तंत्रज्ञ बसून आहेत, अर्ज करायलाच कुणी येत नाही!'"

"मग यात काहीतरी मेख असणार," आत्या म्हणाली.

मेख होती. आधी शेतात चराच्या रेषेवर खुंट्या ठोकून दाखवायच्या. त्या बरोबर असल्या तरच तंत्रज्ञ शिफारस करणार आणि मगच मंजुरी मिळणार. कार्यालयाकडे पातळी मोजायचे यंत्र एकच, आणि तेही दुरुस्तीला गेलेले. पण तिथल्या तंत्रज्ञ बाई मोठ्या हिकमती होत्या. दिसेल तिथली माती चिमटीत घेऊन चुरगाळून बघायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना मातीवाल्या मॅडम म्हणत. त्यांनी ताईला बांबूची घोडी करायला शिकवली होती. दोन लांब बांबू वरच्या टोकाला बांधायचे, खालचे पाय फाकवायचे, मध्ये एक आडवी काठी बांधायची. वरून दोरीला वजन सोडायचे. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली, की समजायचे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत.

"वजन म्हणून दगड बांधला तरी चालेल म्हणाल्या," ताई म्हणाली.

"दगड?" मिस्त्री खाटेवरून ताडकन उठले. "माझ्या घरात ओळंबा असताना दगड?"

आणि मित्रांनो, पेटी उघडली! डोळे दिपवणारा उजेड आत आला. मिस्त्रींनी मला सदऱ्याला पुसले, नवी दोरी ओवली आणि हवेत सोडले. मी आनंदाने असा काही डोलू लागलो की थांबता थांबेना.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा शेत पाहिले. वर एवढे मोठे आकाश, आणि भिंत एकही नाही! ताईने घोडी उभी केली, दोरी जिथे आली तिथे खूण केली, मग दोन्ही पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण केली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिने पक्की खूण कोरली. मग आमची वरात निघाली. एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा फिरवून पुढे टाकायचा, दोरी खुणेवर आली की खुंटी ठोकायची. वारा सुटला की मी भरकटायचो. तेव्हा आत्या छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूला उभी राहायची आणि आमच्याबरोबर खेकड्यासारखी आडवी चालायची. कडक ऊन होते, पण आम्हा तिघांनाही भान नव्हते.

मात्र एक गोष्ट मला बुचकळ्यात टाकत होती. मी अगदी प्रामाणिकपणे सांगत होतो आणि रेषा मात्र वाकडी येत होती! उंचवट्यापाशी ती पोट काढायची, खोलगट जागी आत वळायची. जमीनच तशी होती, तिला रेषा तरी काय करणार? पण भिंतींच्या सहवासात वाढलेल्या माझ्या डोक्यात ते लगेच शिरले नाही.

संध्याकाळी मिस्त्री काठी टेकत शेतावर आले. खुंट्यांची ती नागमोडी रांग पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्याच भिंतीला पोक आले आहे. पण लेकीचे हसरे तोंड पाहून ते काठी टेकत तसेच घरी परतले.

दुसऱ्या दिवशी पाहणीची मुदत संपत होती. ताई सकाळीच बस पकडून मॅडमना आणायला गेली. घोडी एका झाडाला टेकवून ठेवलेली होती आणि मी तिच्यावर लटकत होतो. तेवढ्यात मिस्त्री आले. एकटेच. हातात लाइनदोरी. त्यांनी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली आणि ताईच्या खुंट्या एकेक करून उपटून सरळ रेषेत ठोकायला सुरुवात केली!

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मी नुसता लटकत राहिलो. मिस्त्री तर खुशीत शीळ घालत होते. पोरीचे काम सरकारी माणसासमोर वाकडे दिसायला नको, एवढेच त्यांच्या मनात होते. प्रेमापोटीच करत होते बिचारे. खुंट्या सरळ झाल्यावर त्यांना इतका हुरूप आला की त्यांनी कुदळ घेऊन थोडासा चर खोदूनही ठेवला. काठ कसा, रंधा मारल्यासारखा गुळगुळीत.

जीपचा हॉर्न वाजला. आधी ताई उतरली आणि जागच्या जागी थिजली. मागून मॅडम आल्या. त्यांनी चिमटीत माती घेतली, चुरगाळली, मग रांगेकडे पाहिले.

"रेषा कोणी मारली?"

"मी," मिस्त्री ताठ मानेने म्हणाले. "पोरीच्या हातून जरा वाकडी गेली होती. सरळ करून टाकली."

"बाबा!" ताई खुंट्यांकडे धावली.

मॅडमनी डोक्याला हात लावला नाही, की आवाज चढवला नाही. "मिस्त्री, भिंत सरळच हवी. पण पाण्याला सरळ रेषा कळत नाही, पातळी कळते. हे मी मंजूर करू शकत नाही." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "मला टेकडीपलीकडे अजून एक पाहणी आहे. परत याच रस्त्याने येईन. तेव्हा रेषा बरोबर असली तर आजच शिफारस लिहीन. नाही तर हे वर्ष गेलं. आज शेवटचा दिवस आहे."

जीप धुरळा उडवत निघून गेली. मिस्त्री फुरंगटून दगडावर जाऊन बसले. "उभा जन्म भिंती बांधल्या. आता मला रेषा शिकवतात," असे काहीतरी पुटपुटत राहिले. तेवढ्यात जेवणाचे डबे आणि छत्री घेऊन आत्या पोचली आणि काय झाले ते ऐकून कपाळाला आठ्या घालून उभी राहिली.

ताईने वाद घातला नाही. तिने पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि मिस्त्रींनी खोदलेल्या त्या देखण्या चरात ओतली. पाणी क्षणभरही थांबले नाही. सगळेच्या सगळे एका टोकाला पळाले, काठावर चढले आणि माती खरवडत उताराने खाली निघून गेले.

मिस्त्री उठले. वाकून बघत राहिले. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं, हा तर मोरीचा ढाळ!" ते ओरडले. "मोरीला देतात तसा ढाळ मी शेताला दिला! सगळं पाणी बाहेर काढायची सोय केली की मी!"

"मग आता साबण ठेवायला एक कोनाडापण कर," आत्या म्हणाली.

आधी ताई हसली, मग मिस्त्री हसले, आणि हसता हसता त्यांनी घोडी स्वतःच्या हातात घेतली. "चल बाळ, बघतेस काय? खुंट्या गोळा कर. अक्का, छत्री!"

आणि मग जी धावपळ सुरू झाली! जुन्या खुंट्यांची भोके पायाखाली बुजून गेली होती, म्हणून सगळे पहिल्यापासून करायचे होते. घोडी पुढे, ताई खुंट्या घेऊन मागे, आत्या छत्री घेऊन बाजूला. वाऱ्यालाही नेमका तेव्हाच चेव आला होता. पण मिस्त्रींच्या हाताची जादू तुम्हाला काय सांगू! मी हेलकावे खाऊ लागलो की ते दोन बोटे माझ्या पाठीला हलकेच लावत आणि मी तिथल्या तिथे शांत होई. ताईकडे हा हात नव्हता. कालच्या दुप्पट वेगाने आम्ही निघालो. मिस्त्रींचे गुडघे करकर वाजत होते, पण त्यांना त्याचे काही नव्हते.

"ओळंब्यात!" मिस्त्री म्हणायचे. ठक, ताई खुंटी ठोकायची. "ओळंब्यात!" ठक. उंचवटा आला. रेषा वळली. मिस्त्रींचा हात किंचित अडखळला. सवयीने त्यांची नजर सरळ पुढे गेली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने वळले. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आले असते.

शेवटच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच टेकडीवरून हॉर्न ऐकू आला. "पळ बाळ, शेवटची खुंटी राहिली!" मिस्त्री ओरडले. ताईने अखेरची खुंटी ठोकली आणि मातीतच फतकल मारून बसली.

मॅडम उतरल्या. त्यांच्या जीपमध्ये पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी होती. तिचे एक टोक मॅडम ताईला एका खुंटीपाशी धरायला लावत, दुसरे स्वतः पुढच्या खुंटीपाशी धरत, आणि दोन्ही टोकांचे पाणी सारखे आहे का ते बघत. एकेक खुंटी तपासत त्या निघाल्या. मिस्त्री घोडी घट्ट धरून उभे होते. मी जराही हललो नाही. उंचवट्यापाशी त्या थांबल्या.

"ही खाली गेली आहे."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

मॅडमनी वाकून जमीन चाचपली. "इथली माती भुसभुशीत आहे. घोडीचा पाय रुतला असणार. अशा जागी पायाखाली चपटा दगड ठेवत जा, म्हणजे फसगत होत नाही." त्यांनी स्वतःच दगड शोधून ठेवला, मिस्त्रींकडून घोडी पुन्हा लावून घेतली आणि खुंटी बोटभर वर सरकवली. मग उरलेली रांग तपासली आणि मागे वळून म्हणाल्या, "झकास! मंजुरीची काळजी करू नका."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी शिफारस तिथेच लिहिली. आत्याने आनंदाने छत्री हवेत उडवली आणि ती शेजारच्या झाडात जाऊन अडकली. ताईने मिस्त्रींना मिठी मारली. मी तर असा गरगरलो की दोरीला पीळ पडला.

पुढे मंजुरी आली, मजूर आले, चर खोदले गेले, काठावर गवत लावले. पाऊस आला तेव्हा घोडी शेतातल्या छपराखाली होती आणि तिच्यासोबत मीही. उतारावरून पाणी धावत आले, चरात उतरले आणि थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे भरले. मिस्त्री चिंब भिजत काठावर उभे होते. "पोरी, माती थांबली! एक कणसुद्धा गेला नाही!" असे ओरडत त्यांनी ताईला हाक मारली. ताई धावत आली. बापलेक दोघेही पावसात उभे राहून त्या पाण्याकडे बघत होते, आणि शेती सोडायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आता मिस्त्री येणाऱ्या जाणाऱ्याला शेतावर नेतात आणि अभिमानाने सांगतात, "हे बघा, माझ्या हातचं सगळ्यात वाकडं काम." बघणारे आपल्या उतारावरही चर हवेत म्हणून कार्यालयात जाऊ लागले आहेत. कारकुनांना आता मान वर करायला फुरसत नाही. मॅडम मिस्त्रींना घेऊन या शेतातून त्या शेतात जातात. पातळीचे गणित मॅडम समजावतात, घोडी कशी धरायची ते मिस्त्री दाखवतात, आणि दोघांच्या मध्ये मी लटकत असतो. उद्याही एका नव्या शेतावर जायचे आहे, म्हणून तर माझे चित्त थाऱ्यावर नाही!

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे अवजार अडगळीत पडले असेल तर त्याला बाहेर काढा, पुसा, त्याला काम द्या. अडचण आली तर ताईसारखे चार दारे ठोठावा, कारण मदत करणारी माणसे असतात, फक्त आपण त्यांच्यापर्यंत पोचायला हवे. आणि मातीला जपा. मी हरवलो तर भंगार वितळवून दुसरा ओळंबा आठवड्यात ओतता येईल. पण माती ओतून देणारी ओतशाळा मी अजून कुठे पाहिलेली नाही. ती वाहून गेली की गेलीच. म्हणून ती आपल्या पायाखाली आहे तोवरच तिला थांबवा.